म्हैस विकायची घाई नको

करवीर तालुक्यातल्या एका सुनेचं पत्र आलंय. चार पानी आहे, त्यातलं मुख्य तेवढं इथं देते.

"माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, ६८ वर्षांचे आहेत. तीस हंगाम गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं सारायचं काम केलं. बिडी होतीच. गेली सहा-सात वर्षं दम लागतोय. गावातला डॉक्टर दमा म्हणायचा, सुई मारायचा, पुड्या द्यायचा, दोन दिवस बरं वाटायचं. जानेवारीत लईच झालं. ओठ निळे पडले, नऊ दिवस दवाखान्यात होते. तिथं सीओपीडी, म्हणजे दम कोंडणारा छातीचा जुनाट आजार आहे म्हणाले. सोडताना ऑक्सिजन ८४ होता, म्हणून घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. ते भाड्यानं आणलंय. आता मशीनवाला म्हणतो, हे जन्मभर लागणार, त्यापेक्षा विकत घ्या. घरात म्हैस विकायचं चाललंय. आता बसल्यावर बोटाच्या यंत्रावर ९२ दाखवतंय, परड्यात जाऊन आलं की ८७. मामा मशीन दिवसातनं तासभर लावतात, घुसमटलं की आमचे हे मशीनचा काटा पाचावर नेतात. तोंडानं ओढायचे दोन पंप दिलेत, पण सवय लागते म्हणून दम लागल्यावरच घेतात. आत्ती, म्हणजे सासूबाई, त्यांना खाटेवरून उठू देत नाहीत. बिडी सोडली म्हणतात, पण परवा उशीखाली थोटूक सापडलं. मी ओरडले, मग रात्रभर रडले. रात्री तीनदा उठून त्यांचा श्वास बघते. मामांचं एकच म्हणणं आहे, एकदा जोतिबाला न्या. मशीन घ्यावं का? आणि यातनं काही सुधारणा आहे का?"

बाई गं, तू माझ्या लेकीच्या वयाची दिसतेस, म्हणून अगं-तुगं करते. मी तीस वर्षं नर्स होते, त्यातली निम्मी छातीच्या वॉर्डात गेली. तुझं पत्र वाचताना तुमचा सोपा, खाट आणि खाटेवर बसलेले मामा डोळ्यांपुढं उभे राहिले. आधी म्हशीचं बोलू, कारण एकदा विकली की ती परत येत नाही.

मशीन आत्ता विकत घेऊ नका. परतही करू नका. आणखी महिनाभर भाड्यानंच राहू दे आणि त्या महिन्यात मामांची तपासणी करून घ्या. आजार उफाळून दवाखान्यात गेलेल्या माणसाचा ऑक्सिजन घरी सोडताना कमी असणं नेहमीचं आहे. छाती निवळायला आठवडे लागतात. म्हणूनच नियम असा आहे की दवाखान्यातून मशीन लावून पाठवलेल्या माणसाची ६० ते ९० दिवसांनी पुन्हा तपासणी करायची आणि अजून गरज आहे का ते ठरवायचं. जानेवारीत घरी आलात, म्हणजे तुमची वेळ आता आलीच आहे. बऱ्याच जणांना तोपर्यंत मशीनची गरज उरलेली नसते.

तपासणी बोटाच्या यंत्रावर करायची नसते. मनगटाच्या रोहिणीतून रक्त काढतात, त्याला एबीजी म्हणतात. थोडं दुखतं, ते मामांना आधी सांगून ठेव. माणूस स्वस्थ बसलेला असताना रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब ५५ किंवा त्याखाली, नाहीतर ऑक्सिजनचं प्रमाण ८८ टक्के किंवा त्याखाली असेल, तर घरचा ऑक्सिजन आयुष्य वाढवतो. १९८० आणि ८१ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या नि ब्रिटनमधल्या दोन अभ्यासांतून हे पक्कं झालं. पायावर सूज असेल किंवा हृदयावर ताण आला असेल, तर डॉक्टर ५५ च्या थोडं वरही मशीन देतात. पण बसून ८९ ते ९३ असणाऱ्यांना, किंवा फक्त चालताना थोडा उतरणाऱ्यांना, मशीननं काय फरक पडतो हेही तपासलं गेलंय. ७३८ रुग्णांचा तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. मशीन लावलेले आणि न लावलेले, दोन्ही गटांत मरणात फरक पडला नाही आणि दवाखान्यात भरती होण्यातही नाही. मामांचे आजचे आकडे याच गटातले वाटतात. तरी हे मी पत्रावरून ठरवू शकत नाही, तुमचा मशीनवालाही नाही. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या छातीविकार ओपीडीत किंवा तुमच्या छातीच्या डॉक्टरांकडं जा. "मशीन अजून लागतंय का ते बघायला आलोय," असं आत शिरल्या शिरल्या सांगा. नाहीतर जुन्याच गोळ्या पुढं लिहून मिळतात.

समजा, लागतंय असं निघालं. मग तासभर लावणं म्हणजे न लावल्यासारखंच. दिवसरात्र मिळून निदान १५ तास लावावं लागतं, झोपेचे तास त्यातच धरायचे. आणि तुझ्या नवऱ्याला आजच सांग, त्या काट्याला हात लावायचा नाही. कागदावर २ लिटर लिहिलं असेल तर दोनच. या आजारात काही माणसांना जास्त ऑक्सिजन दिला की अंगात कार्बन डायऑक्साईड साठतो. माणूस शांत झोपल्यासारखा दिसतो, घरच्यांना वाटतं आराम पडला, आणि तो गुंगीत जात असतो. त्यांचा आकडा ८८ ते ९२ मध्ये राहिला की पुरे, ९८ करायचा नाही. सकाळी उठल्यावर डोकं जड असणं, दिवसा सारखी पेंग येणं, बोलण्यात घोळ होणं यातलं काही दिसलं तर तसंच दवाखान्यात घेऊन जा.

आणखी एक. तुमचा देव्हारा आणि मशीन एकाच खोलीत आहे का? निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी, बिडी, सगळं निदान दहा फूट लांब पाहिजे. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण ठिणगीला वणवा करतो. नाकात नळी असताना बिडी ओढणाऱ्या माणसाचा भाजलेला चेहरा मी ड्रेसिंगला घेतलाय. ते वर्णन इथं करत नाही.

आता आजाराबद्दल. सीओपीडी म्हणजे श्वासाच्या नळ्या सुजून अरुंद होतात आणि फुप्फुसातल्या बारीक पिशव्यांच्या भिंती झिजून फाटतात. मग हवा आत जाते, पण पुरती बाहेर येत नाही. म्हणून मामांना श्वास "घ्यायला" त्रास होतो असं वाटतं, खरी अडचण सोडण्याची असते. जुनी हवा आत कोंडून बसते, नव्या हवेला जागाच उरत नाही. झिजलेलं परत येत नाही, हे खरं आहे. पण बिडी एकटीवर खापर फोडू नका. तीस हंगाम चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाडाचा धूर घेतलाय त्यांनी. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्याला त्याचा अभिमान आहे. त्या ढेपांमागं मामांसारख्यांच्या छात्याही आहेत, हे मला नेहमी वाटतं.

पत्रात एक्स-रेचा उल्लेख पाच ठिकाणी आहे, फुंकायच्या तपासणीचा एकदाही नाही. स्पायरोमेट्री म्हणतात तिला. नळीत जोरानं, संपेपर्यंत फुंकायचं, मग पंप देऊन पुन्हा फुंकायचं. पंपानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर सीओपीडी म्हणायचं. दमा आहे की सीओपीडी, नळ्या किती अरुंद झाल्यात, ते इथं कळतं. एक्स-रेवरून ते ठरत नाही. ती करून घ्या, आणि खोकला-बेडका असल्यामुळं थुंकीची टीबीसाठी तपासणीही. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते.

पंपाची सवय लागते, हे ज्यानं तुमच्या डोक्यात भरवलंय त्यानं मामांचं मोठं नुकसान केलंय. साल्ब्युटामॉलच्या पंपात एका दाबात औषध असतं १०० मायक्रोग्रॅम. त्याच औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे चाळीस पट. गोळीला कुणी घाबरत नाही, पंपाला घाबरतात. मामांना दोन पंप दिलेत ते दोन वेगळ्या कामांचे आहेत. एक रोजचा, दम असो वा नसो, ठरल्या वेळी घ्यायचा. तो नळ्या दिवसभर उघड्या ठेवतो आणि पुढचा जानेवारी टाळतो. दुसरा अडीनडीचा, दम वाढला की. तुम्ही रोजचा पंपही अडीनडीला वापरताय, म्हणून तो "लागू पडत नाही". कोणता कुठला ते डॉक्टरांकडून विचारून त्यावर पट्टी चिकटव. एकावर "रोज", दुसऱ्यावर "दम".

आणि मामा पंप घेताना एकदा समोर बसून नीट बघ. मी वॉर्डात हेच करायची. दाबल्यावर ओठांच्या कडेनं किंवा नाकातून पांढरी वाफ बाहेर आली, तर औषध हवेत गेलं. आधी पंप चांगला हलवायचा. श्वास पूर्ण सोडायचा. ओठ घट्ट मिटायचे, सावकाश आत ओढायला सुरुवात करायची आणि त्याच क्षणी दाबायचं. मग तोंड मिटून दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरायचा. दुसरा दाब अर्ध्या-एक मिनिटानं. या वयात दाबणं आणि ओढणं एकदम जमत नाही, म्हणून स्पेसर घ्या, तो प्लास्टिकचा फुगीर डबा. औषध डब्यात थांबतं, मामा सवडीनं ओढतील. त्यांचा पंप कॅप्सूल टाकायचा, पावडरचा असेल तर उलटं: तिथं जोरात आणि खोल ओढायचं, स्पेसर लागत नाही. पंपात स्टिरॉइड असेल तर नंतर खळखळून चूळ भरून थुंकून टाकायची, नाहीतर तोंड येतं. पंप संपला का ते बघायला पाण्यात तरंगवू नका, त्यानं काही कळत नाही. मागचा आकडा बघा, आकडा नसेल तर सुरू केल्याची तारीख लिहून ठेवा.

सुई आणि पुड्यांबद्दल माझं मन अजून दुखरं आहे. माझ्या आईनं जन्मभर चुलीवर स्वयंपाक केला, बिडीला हातसुद्धा लावला नाही, आणि तिलाही हाच आजार झाला. एका खासगी दवाखान्यातून तिला कितीतरी वर्षं पुड्या मिळत होत्या. बरं वाटायचं, भूक लागायची, चेहरा गोल झाला होता, आम्हाला वाटायचं अंग धरलं. एक दिवस बादली उचलताना तिच्या पाठीचा मणका पिचला. पुडीत स्टिरॉइड होतं. मी नर्स असून मला वेळेत कळलं नाही, ही बोच जात नाही. मामांच्या पुड्या अजून चालू असतील तर डॉक्टरांना दाखवा. मात्र मनानं एकदम बंद करू नका. बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड अचानक तोडलं तर माणूस कोसळतो.

आता आत्तींचा विषय. त्या मामांना उठू देत नाहीत, यात माया आहे, मला ती कळते. पण माणूस बसला की आधी पायाचं मांस जातं. दुबळ्या पायांना तेवढ्याच चालण्याला जास्त ऑक्सिजन लागतो, दम आणखी लवकर लागतो, मग तो आणखी बसतो. मामा दोन वर्षांत खाटेवर आले ते निम्मे फुप्फुसामुळं आणि निम्मे या बसण्यामुळं, असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. फुप्फुस नवं होणार नाही, पाय होतात. तू विचारलंस ना, सुधारणा आहे का? ती इथं आहे. पंप रोज आणि चालणं रोज. दम लागला म्हणजे आत काही फाटलं असं होत नाही, हे आत्तींना समजावून सांग.

ओपीडीत फिजिओथेरपीला पाठवायला सांगा. तिथं सहा मिनिटं चालवून बघतात आणि किती चालायचं ते ठरवून देतात, कारण मामांचा आकडा चालताना ८७ होतो. घरी सुरुवात गल्लीतल्या विजेच्या खांबांनी करा. रोजचा पंप झाला की वीस मिनिटांनी, ऊन वर यायच्या आत, पहिल्या खांबापर्यंत आणि परत. आठवडाभर तेवढंच. मग दुसरा खांब. बोलता येईल इतपत दम चालेल, शब्द फुटेनासा झाला किंवा आकडा ८८ च्या खाली गेला की थांबायचं. छातीत दुखलं, चक्कर आली तर त्या दिवशी चालणं बंद. सहा ते आठ आठवड्यांत फरक दिसतो, आधी नाही.

थांबल्यावर काय करायचं तेही शिकव. बशीतला चहा आपण कसा फुंकून गार करतो, तसा ओठांचा चंबू करायचा. नाकानं दोन आकडे आत, चंबूतून चार आकडे बाहेर. त्यानं नळ्या मिटत नाहीत, कोंडलेली हवा निघते. उभं असताना भिंतीवर किंवा कट्ट्यावर दोन्ही हात टेकून पुढं वाकायचं. खाटेवर असतील तर मांडीवर उशी, उशीवर कोपरं. आडवं झोपवू नका. उठताना, बादली सरकवताना, पायरी चढताना, जोराचं काम श्वास सोडताना करायचं. मोरीत स्टूल ठेव, अंघोळ बसून होऊ दे. हे मामांना एकदा जमलं की रात्रीची घाबरगुंडी निम्मी होईल, त्यांचीही आणि तुझीही.

जेवण एकदम पोटभर नको. पोट तट्ट भरलं की ते वर छातीला रेटतं. दोन भाकरींचं जेवण चार वेळांत वाटून दे. वजन उतरत असेल तर अंडी, दूध, पिठलं, रविवारी मटणाचा अळणी रस्सा. तांबडा मामांना सोसत असेल तर थोडा, मला त्यात आडकाठी घालायची नाही.

धुराचं मात्र मी कडकपणे सांगेन. पाण्याचा बंब अजून शेणी-चिपाडांवर पेटत असेल तर तो परड्याच्या पार टोकाला हलवा किंवा बंद करा. डासांची कॉईल, ऊद, उदबत्ती मामांच्या खोलीत नको. शेजारच्या रानात उसाचा पाला पेटवणार असतील तर आदल्या दिवशी सांगायला सांगा, त्या दिवशी दारं-खिडक्या लावून बसा. बंबापाशी तू बसत असशील, तर हे तुझ्या छातीसाठीही आहे.

बिडीवरून ओरडलीस, ठीक आहे, पण त्यातनं लपवणं वाढतं. पन्नास वर्षांची तलफ आहे, लाज काढून जात नाही. "मामा, किती झाल्या आज?" असं साधं विचार. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा फुकट फोन आहे, पाकिटांवर छापलेला असतो. डॉक्टर निकोटिनची च्युइंगगमही देतात. या वयात सोडून काय उपयोग, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. ज्या दिवशी सुटते त्या दिवसापासून झीज मंदावते.

पावसाळा यायच्या आत फ्लूची लस द्या, ती दरवर्षी लागते. न्यूमोनियाच्या लशीचंही विचारा. २०१९ नि २०२१ च्या पुरात वीज किती दिवस गेली होती ते तुम्हाला सांगायला नको. मशीन कायमचं लागणार असं ठरलं, तर जूनच्या आधी एक भरलेला सिलिंडर घरात पाहिजे. पंप महाग पडत असतील तर चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजना दाखल व्हायची वेळ आली तर कामाला येते. रेशनकार्ड आणि आधारच्या प्रती पिशवीत ठेवूनच द्या.

दम रोजच्यापेक्षा वाढला, बेडका वाढला, त्याचा रंग पिवळा-हिरवा झाला, यातल्या दोन गोष्टी दिसल्या की त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उद्या बघू म्हणत जानेवारी आला होता. ओठ निळे, वाक्य पुरं होत नाही, भान हरपतंय असं असेल तर १०८.

आता तुझं. रात्री तीनदा उठणं बंद कर. श्वास बघून श्वास सुधारत नाही, आणि तू आडवी पडलीस तर त्या घरात पंपाची तारीख कोण लिहिणार? मामांच्या उशाशी घंटी ठेव. आठवड्यातल्या तीन रात्री तुझ्या नवऱ्याच्या. वडील त्याचे आहेत. हे त्याला मी सांगितलंय म्हणून सांग, पत्र वाचायला दे. आणि चिडल्याबद्दल मनाला खात बसू नको. दोन वर्षं एकटीनं ओढतेस, माणूस चिडणारच. मामांनाही ते कळत असणार. घुसमटणाऱ्या माणसाला राग, भीती आणि लाज एकदमच वाटत असते, त्यांच्याशी एखादं बोलणं आजार सोडून कर. गुऱ्हाळाच्या गोष्टी विचार.

जोतिबाला जरूर न्या. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत नको, रविवारीही नको. त्या गर्दीत उधळलेला गुलाल नाका-घशात जातो आणि मामांची छाती तो सोसणार नाही. पावसाळ्यापूर्वीचा एखादा बुधवार-गुरुवार धरा, तोवर गल्लीतले पाच-सहा खांब झालेले असतील. निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा. देवळाकडं पायऱ्या उतरून जायचंय आणि त्याच चढून यायचंय, तेव्हा वर येताना चार पायऱ्या झाल्या की थांबायचं, चंबू करून श्वास सोडायचा, मग पुढच्या चार. पाण्याची बाटली आणि स्पेसर तुझ्या पिशवीत घे. "दम" लिहिलेला पंप मात्र मामांच्या स्वतःच्या खिशात असू दे.